लंडनचे गुंड

हेमांगी झोपली की मी कानात इअरफोन घालतो
आणि लंडनला जातो.

कन्नमवार नगर, बिल्डिंग एकशे बारा, तळमजला.
बाहेर कुणीतरी कधीचा बाइकला किक मारतोय.
तिकडे आभाळ ओल्या सिमेंटच्या रंगाचं,
आणि एक टकला माणूस, बेतून शिवलेल्या सुटात,
खुर्चीला बांधलेल्याला विचारतोय:
साखर किती?

इतक्या आदबीनं मला पंचवीस वर्षांत
कुणी रजेचं कारणही विचारलेलं नाही.

मी शवागारात कारकून.
माणूस आला की लिहितो:
पुरुष, अंदाजे पस्तीस, मध्यम बांधा,
उजव्या दंडावर गोंदण, 'आई'.
डॉक्टर आतून ओरडून सांगतात,
मी सेंटिमीटरमध्ये उतरवून घेतो.
लांबी. खोली. कडा.
शेवटचं काय बोलला, याला आमच्या फॉर्मात रकाना नाही.

तिकडे सगळे बोलतात.
मारण्याआधी बोलतात, मारताना बोलतात,
एखादा तर मेल्यावरही बोलत राहतो,
स्वतःच्याच खुनाची गंमत सांगत.
बोली कसली, अर्धे शब्द गिळलेले,
मला रुपयातलं चार आणे कळतं.
खालची अक्षरं वाचायची तर चष्मा लागतो,
आणि चष्मा लावला की रक्त फार स्पष्ट दिसतं.
म्हणून नुसता सूर ऐकतो.
शिवीसुद्धा अशी, की मामानं भाच्याला
लाडानं टपली मारावी.

ओंकार म्हणतो, बाबा, दिवसभर तेच, आणि रात्री पुन्हा तेच?
तेच नाही रे.

इकडचे मला बघवत नाहीत.
इकडचा भाई पडद्यावर गल्लीतून वळला
की ती गल्ली मला ठाऊक असते,
कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला ठाऊक असतो,
आणि शहाण्णव साली त्याच वळणावरून आमच्याकडे आलेला
बाबू खानविलकर,
ज्याच्या बहिणीनं माझ्या टेबलापाशी
एका चपलेसाठी तासभर हुज्जत घातली.
दुसरी कुठाय? नवी होती. दोन्ही नव्या होत्या.
मी रजिस्टर फिरवून तिच्यासमोर धरलं:
चप्पल, नग एक.

लंडनमध्ये कुणाची बहीण येत नाही.
प्रेत डिकीत जातं, नदीत जातं,
पुलाच्या काँक्रीटमध्ये जातं,
पंचनामा नाही, पावती नाही,
अंगठ्याला बांधायची चिठ्ठी नाही.
गाणं मात्र लागतं. जुनं, आनंदी.
मी पाय हलवतो. खरंच हलवतो.

एकदा कानजीला दाखवला, डब्याच्या वेळी, मोबाइलवर.
कानजी सोलंकी. तीस वर्षं उघडणं-शिवणं त्याच्याच हातचं,
डॉक्टर फक्त बोट दाखवतात.
ठेपला चावत दहा मिनिटं बघितलं त्यानं.
मग म्हणाला, साहेब, याला पोटात लागलीये ना?
मग हा एवढा बोलतोय कसा?
आणि थोड्या वेळानं:
सूट भारी आहे पण. खिसा बघा. हातशिलाई.

आम्ही शेवटपर्यंत पाहिला.
बाराची बॉडी एकला घेतली.
नातेवाईक बाहेर बाकावर होते,
कुणी काही बोललं नाही.

परवा एक म्हातारा आला, मुलाला न्यायला.
सहीची जागा दाखवून झाल्यावर
माझ्या तोंडून काय निघावं?
चहा घेणार? साखर किती?
आवाजही माझा नव्हता, मऊ होता, तिकडचा.
त्यानं माझ्याकडे बघितलं
आणि दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.
खुर्ची आमची प्लास्टिकची, निळी,
एक पाय जरा आखूड.

बिनसाखरेचा, म्हणाला.
डायबिटीस आहे.